गाडीला ‘मागे फिर’ कसं सांगायचं

खेळण्यातल्या विजेच्या गाडीत ड्रायव्हर नसतो. गाडी चालवणारं पोर चार हात लांब बसलेलं असतं, त्याच्या हातात कंट्रोलरची मूठ असते आणि त्याच्या नि इंजिनाच्या मध्ये असतात फक्त रूळ. इंजिनाला वीज मिळते तीही त्याच रुळांतून. मग त्याला ‘मागे फिर’ कसं सांगायचं? ‘शिट्टी मार’ कसं सांगायचं? वेगळी तार जोडावी तर गाडी गोल फिरते, दुसऱ्याच फेरीला तार गुंडाळली जाईल. रेडिओ, चिप, रिमोट असलं काही हाताशी नव्हतं त्या काळात तीन देशांतल्या तीन कारखान्यांनी या एका प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं शोधली. अमेरिकेत लायनेल, जर्मनीत मेर्कलिन, इंग्लंडमध्ये हॉर्नबी. दुरुस्तीला आलेलं इंजिन उघडलं की मी आधी यातलं कुठलं उत्तर समोर आहे ते बघते. तुटलेली तार, गंजलेलं चाक हे सगळं त्यानंतर.

मी नौपाड्यात राहते आणि गॅलरीला लागून असलेल्या छोट्या खोलीत या जुन्या गाड्यांची वायरिंग आणि कंट्रोलर दुरुस्त करते. गाड्या येतात त्या बहुतेक माळ्यावरून. कुणाचे आजोबा बोटीवर होते, ते येताना न्यूयॉर्कहून खोका घेऊन आलेले. कुणी दादरच्या पारशी कॉलनीतल्या घराचं सामान निघालं तेव्हा सेट उचललेला. कुणी चोरबाजारातून इंजिन आणलेलं, डबे नाहीत, रूळ नाहीत, पण टाकवत नाही. श्रावण लागला की वर्दळ वाढते, कारण गणपतीच्या मखराभोवती गाडी फिरवायची असते.

ठाण्याची हवा या गाड्यांना मानवत नाही. खाडीचा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे पत्र्याचे रूळ तांबारतात, पितळेवर हिरवा कळंक चढतो. युद्धापूर्वीची जस्ताची ओतीव अंगं तर काही वेळा आपोआप फुगतात, तडकतात आणि हातात भुगा होतात. त्या ओतकामात शिशाची भेसळ राहून गेली होती आणि दमट हवेत तो रोग जोरात वाढतो. त्याला इलाज नाही. ते अंग बाजूला ठेवायचं आणि मोटर वाचवायची.

वायरिंगला मात्र इलाज असतो, जवळजवळ नेहमी.

हे मला बाबांमुळे कळलं. बाबा कळव्याच्या कारशेडमध्ये इलेक्ट्रिक फिटर होते. त्यांची सगळी नोकरी डी.सी. लोकलवर गेली, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या लोकलवर. मुंबईत पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्ही.टी. ते कुर्ला धावली ती 1500 व्होल्ट डी.सी.वर, आणि तो डी.सी. पुढे नव्वद वर्षं टिकला. हार्बर लाइनवरून तो 2016 मध्ये गेला, तेव्हा मुंबईची सगळी उपनगरी सेवा 25,000 व्होल्ट ए.सी.वर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर आली. ज्या दिवशी मी पहिल्यांदा लायनेलचं इंजिन उघडून त्यातली अंगठ्याएवढी पत्र्याची डबी बाबांसमोर धरली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबी डोळ्याजवळ नेली आणि म्हणाले, “अगं, हा तर रिव्हर्सर आहे. आमच्या मोटर कोचखाली असायचा तोच. फक्त तो दोन माणसांनी उचलायचा.”

मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर दोन वेटोळी काढली. एक फील्डचं, म्हणजे मोटरमध्ये जागेवर राहणारं, एक आर्मेचरचं, म्हणजे आत फिरणारं, दोन्ही सिरीजमध्ये, एकापुढे एक जोडलेली. म्हणाले, “आता बाहेरून येणाऱ्या दोन तारा उलट लाव. काय होईल?” मी म्हटलं, मोटर उलटी फिरेल. “नाही फिरणार. दोन्हीतला करंट उलटला, म्हणजे जोर होता त्याच बाजूला राहिला. मोटरला उलटं फिरवायचं तर दोघांतला एकच उलटवायचा. फील्ड उलटव, आर्मेचर तसंच ठेव. किंवा आर्मेचर उलटव, फील्ड तसंच ठेव.” म्हणूनच अशी मोटर ए.सी.वरही चालते. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, पण फील्ड आणि आर्मेचर दोघंही एकदमच बदलतात आणि चाक एकाच बाजूला फिरत राहतं.

म्हणजे लायनेलच्या माणसांपुढची अडचण आता नीट दिसते. रुळांत ए.सी. आहे. त्याची दिशा उलटवून काही उपयोग नाही. इंजिनाला निरोप पाठवायला उरतं काय? त्यांनी काढलेलं उत्तर असं, की करंट क्षणभर बंद करायचा. बास. तो खंड हाच निरोप.

त्या डबीला ई-युनिट म्हणतात. पत्र्याच्या चौकटीत एक कॉइल, कॉइलीत वर-खाली होणारा लोखंडी दांडा, दांड्याला एक खटका, आणि खटका ज्याचे दात ढकलतो तो बोराएवढा ड्रम. ड्रमवर तांब्याचे तुकडे बसवलेले आणि त्यांना दोन बाजूंनी पातळ स्प्रिंगपट्ट्या टेकलेल्या, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला दोन. करंट गेला की दांडा पडतो. आला की वर ओढला जातो आणि ड्रम एक घर पुढे सरकतो. पुढे, थांब, मागे, थांब, परत पुढे. ड्रमच्या प्रत्येक घराला पट्ट्या तांब्याच्या वेगळ्या तुकड्यांवर येतात आणि फील्ड नि आर्मेचर यांची जोडणी बदलते. क्रमाने दिशा बदलण्याची ही कल्पना आइव्ह्ज नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची. ती 1928 मध्ये बुडाली, लायनेलने ती घेतली आणि ही यंत्रणाही त्यांच्या हाती आली. लायनेल स्वतः 1900 पासूनची, जोशुआ लायनेल कॉवेन यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेली.

शिट्टीची युक्ती मला याहूनही आवडते. 1935 मध्ये लायनेलने कोळशाच्या डब्यात खरी हवेची शिट्टी बसवली. छोटी मोटर, तिला पंखा, पंख्याची हवा पोकळ कप्प्यांतून बाहेर पडली की आगगाडीसारखा दुहेरी सूर. पण ती वाजवायची कशी? करंट बंद केला तर ई-युनिट हलेल, गाडीच थांबेल. म्हणून त्यांनी ए.सी.त थोडा डी.सी. मिसळला. कंट्रोलरवरची दांडी दाबली की आतली रेक्टिफायरची, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारी, चकती मार्गात येते आणि रुळांतल्या ए.सी.ला एका बाजूचा कल मिळतो. इंजिनाच्या मोटरला त्याचं काही वाटत नाही, ती दोन्हींवर चालते. शिट्टीच्या डब्यातला रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, मात्र मुद्दाम असा केलेला, की त्याच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं आहे. ए.सी.ला तो दाद देत नाही, डी.सी. आला की लगेच ओढला जातो आणि शिट्टीच्या मोटरला रस्ता देतो. रूळ तेच, चालवणारा करंट तोच, आणि त्याच्यातूनच तिसराच निरोप, जो फक्त ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू येतो. ज्यांनी हे पहिल्यांदा चालताना पाहिलं असेल त्यांचा मला हेवा वाटतो.

आता दुरुस्तीकडे येते. ‘चालत नाही’ म्हणून आलेलं लायनेलचं इंजिन उघडलं की बहुतेक वेळा दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे ई-युनिटवर कुणीतरी घातलेलं तेल. शिवणयंत्राचं तेल गिअरला, धुऱ्यांना ठीक. ड्रमवर ते धूळ धरून बसतं, काळा चिकटा होतो आणि पट्ट्या तांब्याला टेकूनही करंट पुढे जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून ड्रम पुसायचा, पट्ट्यांच्या टोकाखालून कागदाची चिंधी ओढून घ्यायची. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या तुकड्यांच्या, खाचांतली कार्बनची भुकटी लाकडी टूथपिकने काढायची. एमरी पेपर तिथे चुकूनही लावायचा नाही, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि खाचेत अडकले तर शॉर्ट. पट्ट्यांचा ताण हा सगळ्यात नाजूक भाग. जास्त झाला तर कॉइलीला ड्रम ढकलवत नाही, कमी झाला तर ठिणग्या पडून तांबं जळतं. चिमट्याने केसाएवढं वाकवायचं आणि कान द्यायचा. बरोबर बसलेलं ई-युनिट थांबलेल्या घरातही गुणगुणतं. अमेरिकेत 60 हर्ट्झ असल्याने तो आवाज सेकंदाला 120 कंपनांचा, आपल्याकडे 50 हर्ट्झमुळे 100 चा. म्हणजे ठाण्यात आलेलं हेच इंजिन जन्मगावापेक्षा थोडं खर्जात गुणगुणतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तारा. त्या काळच्या रबराच्या इन्सुलेशनला सत्तर वर्षांनी काही उरत नाही. तार जागेवर असते तोवर शाबूत दिसते. बोटाने जरा वाकवली की रबर बिस्किटासारखं तुकडे होऊन गळतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. ते तांबंही काळं पडलेलं असतं, रबरातल्या गंधकाने. त्यावर सोल्डर धरत नाही. कितीही पेस्ट लावा, गोळी होऊन घरंगळतं. ब्लेडने खरवडून लाल चकचकीत तांबं दिसलं तरच डाग बसतो, आणि त्यापेक्षा ती तार पूर्ण बदलणं बरं. मी मऊ सिलिकॉनची वायर वापरते, कारण ई-युनिटच्या तारांना सतत थोडी हालचाल असते. जुन्या तारेवर टेप गुंडाळून दिलेली इंजिनं माझ्याकडे येतात. टेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, आणि आतला भुगा आतच राहतो.

तार बदलायची, पण वाट बदलायची नाही. बाबांचं पहिल्या दिवसापासूनचं सांगणं आहे, “आधी करंटची वाट कागदावर काढ, मगच पाना उचल.” जुनी तार जिथून जात होती तिथूनच नवी न्यायची, तेवढ्याच लांबीची, त्याच वळणाची. बऱ्याचदा वाटतं, या दोन तारा इकडून नेल्या असत्या तर सोपं झालं असतं. मग टोपण बसवताना कळतं की तिथे चाकाचा दांडा फिरतो. कारखान्यात टेबलाशी बसून ज्या बाईने किंवा बुवाने शेकडो इंजिनांत ही तार ओवली, त्यांनी तो विचार आधीच करून ठेवलेला असतो.

गेल्या श्रावणात घोडबंदर रोडवरून एक तरुण आला. आजोबांचं लायनेल, खोक्यासकट. म्हणाला, “ताई, आतलं सगळं काढून टाका. नवीन इलेक्ट्रॉनिक बोर्ड मिळतं, बसवून द्या. मोबाइलवरून चालवेन. पाच दिवसांचा गणपती आहे, मध्येच बंद पडायला नको.”

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. पाहुणे येणार, घरात गर्दी, गाडी अडली की सगळे त्याच्याकडे बघणार. पण आतलं सगळं काढल्यावर आजोबांचं काय राहिलं असतं? बाहेरचं ओतीव अंग आणि चाकं. मी त्याला म्हटलं, “काढायला दहा मिनिटं लागतील. त्याआधी एकदा हे हाताने चालवून बघा.” माझ्या ट्रान्सफॉर्मरवर रुळाचा एक सरळ तुकडा जोडला, इंजिन ठेवलं आणि टोपण न लावताच मूठ त्याच्या हातात दिली. त्याने करंट सोडला, दांडा टक्कन वर गेला, ड्रम सरकला. बंद केला, परत सोडला. ड्रमचं एक घर उघड्या डोळ्यांना सरकताना दिसतं, आणि पुढच्या वेळी चाकं उलटी फिरतात. तो ते बराच वेळ करत राहिला. मग त्याने विचारलं, “आणि हे असंच आजोबाही करायचे?” मी म्हटलं, “हेच. याच ड्रमवर.” बोर्डाचा विषय त्याने परत काढला नाही.

नव्या बोर्डांशी माझं वैर नाही. ई-युनिट हरवलेलं असेल, कुणी आधीच उपटून टाकलेलं असेल, तर मी बिनदिक्कत बोर्ड बसवते आणि आत चिठ्ठी लावते, की मूळ जोडणी अशी होती. पण जे चालू होऊ शकतं ते काढून टाकणं मला जमत नाही. गाडी कशी ऐकते, हाच तर तिचा स्वभाव. लायनेलला थांबवून मागे न्यायची तर मधल्या ‘थांब’ या घरातून जावंच लागतं, आणि पोराच्या हाताला त्याची लय बसते. मोबाइलवरच्या बटणाला सगळ्या गाड्या सारख्या.

जिथे जिवाला धोका आहे तिथे मी असला हळवेपणा अजिबात करत नाही. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर 115 व्होल्टचा. त्याची भिंतीकडे जाणारी जुनी वायर बघायचीसुद्धा नाही, कापून टाकायची आणि नवी तीन पदरी वायर लावायची, पत्र्याच्या अंगाला अर्थ जोडायचा. त्याआधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारायचा, प्रायमरी (भिंतीकडच्या बाजूचं वेटोळं) आणि अंग यांच्यामध्ये गळती आहे का बघायला. मग सिरीज बोर्डवर लावायचं, म्हणजे 100 वॅटचा बल्ब मालिकेत. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद लाल राहिला तर पुढे जायला हरकत नाही.

आणि बाजारातला 230 चे 110 करणारा स्टेप-डाऊन आणून काम भागत नाही, हे फार कुणाला ठाऊक नसतं. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी यांचं प्रमाण सोसायचं असतं. 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ यासाठी मोजून घेतलेलं लोखंड 50 हर्ट्झवर 110 व्होल्टला लावलं तर त्यातलं चुंबकत्व सुमारे 15 टक्के वाढतं, लोखंड भरून जातं आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. तेच प्रमाण राखायचं तर आपल्याकडे त्याला साधारण 96 व्होल्टच द्यायला हवेत. मी वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्याकडून 95 आणि 100 व्होल्टचे टॅप, म्हणजे वेटोळ्यातून बाहेर आणलेल्या तारा, काढलेला, दोन वेगळ्या वाइंडिंगचा स्टेप-डाऊन करून घेते. 20 व्होल्टच्या जागी पावणेसतराच्या आसपास मिळतात, गाडीला ते पुरतात. बाहेर पडणाऱ्या बाजूला एक झटपट तुटणारा ब्रेकर घालते, कारण आतला जुना ब्रेकर तापून तुटतो आणि तोवर रुळावरून घसरलेल्या डब्याने एखादी तार जाळलेली असते.

त्या तरुणाला हे सगळं करून दिलं, आणि वर सांगितलं की वीस मिनिटं चालवा, तेवढीच विश्रांती द्या, आरतीच्या आधी रूळ कोरड्या फडक्याने पुसा. मखराभोवतीच्या गाड्यांना नेहमी तोच त्रास. झेंडूच्या पाकळ्या गिअरमध्ये जातात, अक्षता चाकाखाली येतात, धुपाचा तेलकट थर रुळावर बसतो आणि त्यावर कुंकू चिकटलं की चाक आणि रूळ यांच्यात वीजच जात नाही. गाडी अडते ती इंजिनामुळे नाही, पण शिव्या इंजिनाला बसतात.

लायनेलचा मधला तिसरा रूळ दिसायला विचित्र वाटतो, पण त्याचा एक फायदा असा की बाहेरचे दोन्ही रूळ एकाच तारेचे. त्यातला एक तुकडा वेगळा तोडून घेतला की गाडीची चाकं त्यावर आल्याबरोबर दोन्ही रूळ जोडले जातात आणि फाटकाचा दिवा आपोआप लागतो. खऱ्या रेल्वेतलं ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे हे सिग्नलला कळवणारी जोडणी, याच तत्त्वावर चालतं. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रूळ पाण्याखाली गेले की सिग्नल का गोंधळतात, हे ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर पावसात उभ्या राहिलेल्या कुणालाही या खेळण्यावर पाच मिनिटांत दाखवता येतं. मी शेजारच्या मुलांना दाखवते, ओलं फडकं रुळांवर टाकून.

हॉर्नबीचं उत्तर सगळ्यात सरळ. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा फ्रँक हॉर्नबी यांचा कारखाना, त्यांनीच 1901 मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलेलं. 1938 मध्ये हॉर्नबी डब्लो निघाली ती 12 व्होल्ट डी.सी.वर. मोटरमध्ये फील्डची कॉइलच नाही, कायमचं चुंबक. बाबांच्या भाषेत सांगायचं तर दोघांतला एक आधीच ठरलेला. आता रुळांतला करंट उलटवला की फक्त आर्मेचर उलटतं आणि गाडी मागे येते. ना डबी, ना ड्रम. सगळी अक्कल कंट्रोलरमध्ये. त्यात दिशेचा खटका आणि वेगासाठी रेझिस्टन्सची तार, जिच्यावरून एक पितळी पाय सरकतो. जुन्या लोकल अशाच सुटायच्या. मोटरमन मूठ फिरवायचा आणि डब्याखाली रेझिस्टन्स एकेक करून मार्गातून बाहेर पडायचे. बाबा डब्लोचा कंट्रोलर उघडा पाहून म्हणाले, “याला हवा लागू दे. रेझिस्टन्सचं काम तापायचंच आहे.” तेव्हापासून तो कंट्रोलर सतरंजीवर ठेवू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

घरात ए.सी. आणि गाडीला डी.सी., म्हणून मध्ये रेक्टिफायर. त्या काळचा तो सेलेनियमचा, पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेला. वयाबरोबर त्याचा अडथळा वाढत जातो, गाडी मलूल होते आणि एक दिवस तो जळतो. जळताना येणारा सडका, उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही, आणि तो धूर विषारी असतो. खिडक्या उघडायच्या, करंट बंद करायचा आणि खोलीबाहेर जायचं. मी असे रेक्टिफायर जळायची वाट बघत नाही. त्यांच्या तारा सोडवते, सिलिकॉनचा ब्रिज आत लपवून बसवते आणि जुन्या चकत्या जागच्या जागी राहू देते. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी खर्ची पडतं, म्हणून गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळते. ती पूर्वीसारखी पळावी यासाठी एक रेझिस्टन्स वाढवते.

पाचपाखाडीतले एक निवृत्त मास्तर त्यांचं डब्लो घेऊन आले होते. “वायरिंग सगळं ठीक आहे म्हणतात, पण चढावर दम लागतो हिला.” मोटर भरपूर करंट खात होती आणि जोर नव्हता. तारांत काही दोष नव्हता. आधीच्या कुणीतरी साफसफाईला आर्मेचर बाहेर काढलं असणार. तेव्हा चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडाचा तुकडा लावून ठेवावा लागतो, नाहीतर चुंबक अशक्त होतं. जाड तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यातून क्षणभराचा मोठा डी.सी.चा झटका, आणि चुंबक परत भरलं. मास्तरांनी डबे लावून गाडी पुस्तकांच्या उतारावर चढवली. “सर, आता कशी वाटते?” विचारलं तर म्हणाले, “थांब जरा, अजून दोन डबे लावू दे.”

राहिलं मेर्कलिन. ग्योपिंगेन गावातली 1859 पासूनची कंपनी. लायनेलसारखाच ए.सी., पण निरोप उलटा. लायनेल करंट काढून घेतं, मेर्कलिन क्षणभर जास्त देतं. गाडी 16 व्होल्टपर्यंत चालते. मूठ शून्याच्या पलीकडे ढकलली की 24 व्होल्टचा एक झटका जातो, इंजिनातला रिले स्प्रिंगचा ताण मोडून खटका फिरवतो आणि फील्डच्या दोन वेटोळ्यांपैकी दुसरं जोडलं जातं. सगळं त्या केसाएवढ्या स्प्रिंगवर. ती सैल झाली तर गाडी वेगात असताना स्वतःच मागे फिरते. घट्ट असली तर झटक्याने आधी उडी मारते, मग फिरते. आणि आपल्याकडे आणखी एक भानगड. हे ट्रान्सफॉर्मर 220 व्होल्टचे. लाइनला 240 आले की 16 चे साडेसतरा होतात, आणि सैल रिलेला तेवढं पुरतं. म्हणून मी स्प्रिंग लावताना आमच्या नौपाड्यातला रात्री उशिराचा व्होल्टेज मोजून घेते, तेव्हा तो चढलेला असतो.

लोक इंजिन जपून ठेवतात आणि कंट्रोलर टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. इंजिन सुंदर दिसतं, शोकेसमध्ये ठेवता येतं. कंट्रोलर म्हणजे पत्र्याचा डबा, वायर तुटलेली, तो भंगारवाल्याच्या पोत्यात. पण या गाड्यांत अर्धी करामत त्या डब्यात असते. शिट्टीची चकती त्यात, दिशेचा खटका त्यात, 24 व्होल्टचा झटका त्यात. सेट माळ्यावरून काढलात तर तो प्लगला लावू नका, पण टाकूही नका. वायरिंग सोडवण्याआधी फोटो काढा, खोक्याच्या झाकणाच्या आतला कागद असेल तर तोही ठेवा.

सध्या माझ्या टेबलावर चरईतल्या एका आजींचं मेर्कलिन आहे. रिले साफ झाला, कार्बन नवे बसले, स्प्रिंग लागली. ट्रान्सफॉर्मर मात्र घर बदलताना गेला. दुसऱ्या कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर इंजिन पुढे जातं, पण 24 चा झटका कुठून आणायचा? वाइंडिंगवाला वेगळा टॅप काढून देतो म्हणतो, आणि नाहीच मिळाला तर तसं करेन. त्याआधी मूळचा मिळाला तर हवा आहे, निळा, पत्र्याचा, लाल मुठीचा. कुणाच्या माळ्यावर असेल तर बंद असला तरी चालेल, फक्त प्लगला लावून बघू नका.